चहा नको, निंबू द्या

"चहा नको बाई. निंबू असन तं निंबूपाणी द्या."

आमच्या बोरगाव मेघेतल्या आशाताईंचं दारातलं पहिलं वाक्य हेच. गरोदर बायकांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या देणं, त्या पोटात जातात की नाही ते पाहणं, हे त्यांचं काम. मुलांनो, मी पाहुण्यांसाठीचे गुलाबाचे कप काढायची आणि त्या लिंबू मागायच्या. मला रागच यायचा.

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कांताची सून सविता तेव्हा सातव्या महिन्यात होती. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी तिला गोळ्यांचा तक्ता आखून दिला होता. घेतली की खूण करायची.

एकदा ती सासूबरोबर आली आणि आपल्या तीन पायऱ्या चढून धापा टाकत बसली. आशाताई तिथेच होत्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून अगदी पांढरी.

"गोळी घेतं का व पोरी?"

"हो ना."

मी अभिमानाने तक्ता दाखवला. एकही दिवस सुटलेला नव्हता. ताईंनी तिकडे पाहिलंही नाही. हळूच विचारलं, "संडास काळी होते का?"

सविता लाजली. "आता नाई होत."

"मंग गोळी पोटात नाई."

कांता रडायलाच लागली. "म्याच बंद केल्या जी. काळं पाहून वाटलं, आतलं रगतच जळून राह्यलं. बाईले वाईट वाटन म्हणून खुणा तेवढ्या केल्या."

माझा तक्ता हातातच राहिला. ताई मात्र हसल्या. "अवं, गोळीतलं लोखंड होय थे. अंगाले लागून उरलं का बाहेर पडते. सांगतलं हे बरं केलं."

त्याच दुपारी त्यांनी सविताला दवाखान्यात नेलं. रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. हातात दोनच महिने होते.

मग ताई रोज दुपारच्या जेवणानंतर कांताच्या घरी. "दोन गिलास कर पोरी. एक माह्या, एक तुह्या." गोळी त्यांच्यासमोर, लिंबूपाण्याबरोबर. भर उन्हातही एक दिवस चुकला नाही.

शेवटी मी विचारलंच, "तुम्हाला चहा आवडत नाही का हो?"

"मले? दिवसभर पाजा, नाई म्हणणार नाई! पण मी बसली का घरात चहा मांडते, अन् सूनही घोटभर पेते. गोळीचा गुण चहाच खाऊन टाकते. अन् निंबानं गोळी अंगाले लागते; माह्यासाठी आणलेलं निंबू घरात राह्यते ना."

एवढ्या वर्षांत, एवढ्या दारांत, आवडता चहा त्यांनी नाकारला होता. कुणाला कळूही न देता.

सविता बाळंत झाली त्या सकाळी ताई दवाखान्यातून थेट आपल्याकडे आल्या आणि पायरीवर बसल्या.

"दोघी मायलेकी खुशाल हायेत. आता मांडा चहा."

गुलाबाच्या कपातून बशीत ओतून, डोळे मिटून त्या प्यायल्या. मी विचारलं, "अजून?" त्यांनी कप पुढे केला.

दुसरा संपवून त्या अंगणातल्या नळाशी गेल्या आणि खळखळून चुळा भरू लागल्या. एक, दोन, तीन.

"हे कशाला?"

"मागच्या गल्लीत एका सुनेले दिवस गेले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिथं वास नाई आला पाह्यजे."