आईच्या माहेरची सोपी वाट

कॉलेजसाठी कोल्हापूरला निघाले तेव्हा आई मला सोडायला सावंतवाडीच्या स्टँडपर्यंत आली होती. समुद्रकाठच्या आमच्या रेडीहून तिथवर आम्ही दोघी एका सीटवर, मांडीवर माझी बॅग. गाडी सुटताना ती "अभ्यास कर" म्हणाली नाही, "जपून ऱ्हव" म्हणाली नाही. खिडकीचा गज धरून म्हणाली, "आंबोलीत गाडी थांबली काय खाली उतार. थंयचो वारो घे वायच." मला वाटलं, घाटात मला गाडी लागते म्हणून सांगते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. कोल्हापूरनंतर पुणं झालं, आणि मग अमेरिकेचा वायव्य कोपरा. आता माझ्या घरापासून थोडी गाडी हाकली की नॅशनल फॉरेस्ट सुरू होतं. रविवारी लोक तिथे जातात, नुसते चालतात आणि परत येतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आपल्याकडे रानात जायचं ते लाकडांना, करवंदांना, नाहीतर देवाला. पण शिकले मीही. ट्रेल निवडताना आधी चढ बघायचा. नकाशा घरीच फोनवर उतरवून घ्यायचा, कारण आत रेंज नसते. पाणी वाटतं त्याहून जास्त घ्यायचं. आणि परत कधी फिरायचं ते निघण्याआधीच ठरवायचं, कारण रानात गेल्यावर पाय ऐकत नाहीत.

त्या उंच झाडांखाली चालताना मला आई आठवायची, समुद्र नाही. आई घाटावरची. आंबोलीच्या रानातल्या एका वाडीतून लग्न होऊन खाली दर्यावर आलेली. माझ्या घर सोडण्याबद्दल मी चारचौघांत किती बोलते! तिच्या घर सोडण्याबद्दल आमच्याकडे कोणी अवाक्षर काढलं नाही. ते लग्न होतं, त्याला स्थलांतर कोण म्हणणार? आजी गेल्यानंतर तर तिचं माहेरी जाणंच थांबलं. भांडण नव्हतं. कोणी बोलावलं नाही, ती गेली नाही, आणि वर्षं निघून गेली.

या डिसेंबरात सुट्टीवर आले तेव्हा मी ठरवलं, आईला एक दिवस रानात चालवायचं. बाबा गेल्यापासून ती अंगणाबाहेर फारशी पडत नव्हती. तिकडच्या सवयीने सगळं आखलं: चढ नसलेली सावलीची वाट, सकाळी जाऊन दुपारी परत. वनखात्याच्या चौकीवर फोन करून विचारून घेतलं. आईला बूट आणले, टोपी आणली. बूट घालून ती पडवीत चालूनही बघत होती. मग मी फोनवर नकाशा दाखवला आणि मोठ्या खुशीत सांगितलं, की वाट थेट तिच्या वाडीवरून जाते.

आईने बूट काढून खोक्यात ठेवले.

"म्हायारच्या दारावरसून टोपी घालून फिराक जाव? लोक काय म्हणतले? वसंताची भयण इली आणि टुरिस्टासारखी बघून गेली!"

"मग मामाकडे जाऊया की."

"बोलावणा खंय आसा?"

झालं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही विषय बंद. कोल्हापूरला माझ्याकडे येता-जाता घ्यायची, तसा आंबोलीचा वारा ती पुन्हा एसटीच्या खिडकीतूनच घेणार, हे मला दिसत होतं. आणि स्टँडवर मला काय सांगितलं होतं तेही आता कुठे कळलं. तिला स्वतःला उतरता येत नव्हतं, म्हणून मला उतरायला सांगत होती.

मी वसंतमामाला फोन लावला. तो म्हणाला, "अगो, आपल्या घराक येवक बोलावणा कित्याक व्हया? ती येयना, म्हणान आमी गप."

"तू गप, ती गप. अशीच दोघांय म्हातारी होतलास," मी म्हटलं. "मामा, मुराळी होऊन ये तिला न्यायला."

"ह्या वयात मुराळी? लोक हासतले गो."

"हासूंदेत."

तो सकाळच्या पहिल्या एसटीने आला, हातात मधाची बाटली घेऊन. आई अंगण झाडत होती. मान वर न करताच म्हणाली, "वाट चुकलंस काय रे?"

"चुकाक वाट तरी खंय उरली, आक्का? तू येयनस, ती मोडली."

आईचा झाडू थांबला. ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. बाहेर आली ती बूट घालून. "चल," मामाला म्हणाली. आणि मला, "ती टोपी हयच ठेव."

मी आणलेली भाड्याची गाडी आंबोलीत वनखात्याच्या चौकीपाशी लावून आम्ही चालू लागलो. मामा पुढे, फांद्या बाजूला धरत. आई मध्ये. मागे मी, पाण्याने जड झालेली सॅक घेऊन. आधाराला हात द्यायची तयारी होती, पण तिने मागे वळून बघितलंच नाही. एकदा बाटली पुढे केली तर म्हणाली, "घराकडे गेल्यार पितलंय." रेडीत इतकी वर्षं काढून तिने या वाडीला घर म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

मामी दारात तांब्या घेऊन उभी होती. पायांवर पाणी घालायला वाकली आणि थबकली.

"वन्सांनू, पोलिसात लागलास काय?"

आई इतकी हसली, की तिला बुटाची नाडी सुटेना. मग मामीनेच पायरीवर बसून दोन्ही बूट सोडले.

मी ठरवलेली परतायची वेळ झाली. "आई, निघूया."

"तू जा गो. मी ऱ्हवतंय."

"किती दिवस?"

"बोलवतलंय तेवा न्हेवक ये."

परतीची वाट मी एकटी चालले. तिकडे ट्रेलवर समोरून येणारा माणूस हाय म्हणतो आणि बाजूला होतो. चांगली रीत आहे, मला आवडते. इथे डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक बाई वाटेच्या मधोमध उभी राहिली. "कोणाची गो तू?"

"सुमतीची. वसंतमामाची भाची."

"सुमती इली? खरा सांगतंस?" भारा तिथेच टाकून ती वाडीकडे निघाली, जवळजवळ धावतच.

संध्याकाळी रेडीला येऊन मी घराचं कुलूप काढलं. इतकी वर्षं या दारातून जाणारी मी होते आणि मागे राहणारी ती. घर म्हणजे कोणीतरी वाट बघत असलेली जागा, असंच मी धरून चालले होते. आज आत कोणी नव्हतं. मी दिवा लावला, चहा टाकला, आणि आईची वाट बघत बसले.