एकाच पत्त्यावरचे दोन उमेदवार

विद्यापीठाने पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, जागा काढल्या त्या सगळ्या विषयांना मिळून. गणित, कायदा, समुद्रविज्ञान, भाषा. यादी एकच आणि निवड समितीही एकच. नवरा गणितातला. जुन्या संस्थेतली त्याची मुदत संपत आली होती, त्यामुळे त्याचा अर्ज जाणारच होता. बायकोला तो म्हणाला, "तूही टाक गं. सराव होईल. शेवाळाला कोण विचारतंय एवीतेवी?"

ती हसली. दगडांवरच्या शेवाळात तिने पीएचडी केली होती आणि घरात सगळे तिला शेवाळबाई म्हणत.

पण मुलाखतीला दोघांनाही बोलावणं आलं, तेही एकाच दिवशी. लेकीला सासूबाईंकडे ठेवून दोघं परक्या शहरातल्या त्या विद्यापीठाच्या लांबलचक व्हरांड्यात येऊन बसले, तेव्हा ती मुलाखतीच्या पत्राच्या घड्या घालत होती. नकाराची तिला भीती नव्हती. नकार सवयीचे होते. आपली निवड झाली आणि त्याची झाली नाही तर, ही भीती होती. ती कुणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

"घाबरतेस काय? गिळणार आहेत का तुला?" तो म्हणाला. स्वतः मात्र सारखा रुमालाने मान पुसत होता.

आधी तिला आत बोलावलं. शेवाळाचं सगळं तिला छान सांगता आलं. इतकं की एक म्हातारे प्राध्यापक खुर्ची ओढून पुढे सरकले. त्यांना सरकताना पाहून तिने उत्तर आवरतं घेतलं. मग कायदा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आणखी एका अर्जावर हाच पत्ता आहे. तुमचे मिस्टर?"

"हो."

"त्यांची निवड झाली नाही, तर तुम्ही तीन वर्षांसाठी इथे याल? की जागा अडवून मग नाही म्हणाल?"

हे घरी कुणी विचारलंच नव्हतं. त्याने नाही आणि तिनेही नाही. सगळे तिच्याकडे बघत होते.

"येईन," तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "तोही येईल माझ्याबरोबर. आमचं ठरलंय."

बाहेर येताच त्याने विचारलं, "काय काय विचारलं?"

"शेवाळाबद्दलच," ती म्हणाली. खरं सांगायचा धीरच झाला नाही. तो आत गेला, दार लागलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा अगदी नेहमीसारखा होता. जिन्याशी आल्यावर तो थांबला.

"आमचं ठरलंय म्हणे. कधी ठरलं गं?"

"अरे, त्यांनी एकदम विचारलं, मला सुचलंच नाही..."

"त्यांनी मलाही विचारलं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं, तर तुझीही जागा गेली असती."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाई. त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"घे, बोल. आता दोघांच्या वतीने तूच बोलतेस."

आणि तो जिना उतरू लागला.

"अगं, तू? तो कुठंय? त्याचं काय झालं?" सासूबाई विचारत होत्या.

"इथेच आहे, आई. माझ्याबरोबरच आहे," ती म्हणाली आणि कठडा धरून भराभर उतरू लागली. त्याच्या पावलांचा आवाज दोन मजले खाली गेला होता.