मुरुमचे मामा, मुक्काम बेंबळी

सुग्रीवअण्णा आमच्या घरी चहाला यायचे तेव्हा कधी कडी वाजवायचे नाहीत. पायरीवर उभं राहून हाताची मूठ तोंडासमोर धरायचे, तिच्यात दोनदा फुंकायचे आणि जाहीर करायचे, "हॅलो, हॅलो. सुग्रीवअण्णांचं आगमन झालेलं हाय. वैनींना विनंती हाय, चहात साखर जरा जास्ती टाकावी!" आई आतून ओरडायची, "ऐकू आलं हो, अख्ख्या गावाला ऐकू आलं!" मग मूठ खाली घेऊन ते चपला काढायचे आणि माणसात यायचे.

बेंबळीत लग्न असो, बारसं असो, जयंती असो, भोंगा त्यांचाच. एक मशीन, दोन बॉक्स, चार भोंगे आणि एक माईक. त्या माईकला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. अंगाने काटक, उंची बेताची, पण आवाज असा की मशीन बंद पडलं तरी कार्यक्रम अडायचा नाही. "आवाज खणखणीत ठिवायचा, मजकुराचं मागनं बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बारशात बाळाची आत्या अजून पाळण्यात वाकलेलीच होती, तोवर यांनी "बाळाचं नाव संग्राम" असं जाहीर करून टाकलं. ठरलं होतं भलतंच. पण चार भोंग्यांवरून गेलेलं नाव परत कसं घेणार? तो संग्राम आता धाराशिवला कॉलेजात आहे आणि नावावर खूश आहे.

अण्णांना तीन भाऊ, बहीण एकही नाही. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' हे म्या हज्जार येळा पुकारलं असंल. पर मला मामा म्हणणारं कुणी न्हाय बघा. बहीणच न्हाय, तर भाचरं कुठनं यायची?" आणि स्वतःच जोरात हसले. आई मात्र हसली नाही.

आता ताईच्या लग्नाची गोष्ट. ती सांगायला बसले की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीचं शिक्षण मागाहून विचारतात. आधी विचारतात मामेकुळ. आजोळ कुठलं, मामा कोण, मामाचं भाच्यांवर लक्ष आहे का. माझ्या थोरल्या बहिणीचं, सविताताईचं, करमाळ्याकडच्या घरी जमलं, तेव्हाही नवरदेवाच्या आत्याबाईंनी हेच खोदून खोदून विचारलं. आत्याबाई म्हणजे त्या घरातलं सुप्रीम कोर्ट. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, छाती फुगवून सांगितलं, "मुरुमचे रावसाहेब मामा. धान्याची आडत आहे. भाच्यांवर जीव टाकतात." ते खरंच होतं. साखरपुड्याला मामा टायफॉइडने पडून होते, त्यामुळे पाहुण्यांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

घोटाळा केला पत्रिकेने. 'समस्त मामा मंडळी' या रकान्यात दादांनी पहिलं नाव छापलं आईच्या एका लांबच्या चुलतभावाचं. कारण काय, तर तो नुकताच पंचायत समितीवर निवडून आलेला. सख्खे रावसाहेब मामा दुसरे! पत्रिका मुरुमला पोचली त्याच दिवशी मामांचा फोन आला. "सख्ख्या भाचीच्या पत्रिकेत मी दुसरा? मग पयल्यालाच बोलवा लग्नाला." आईने दहा फोन केले. दादा जातीने जाऊन पाया पडून आले. मामा जागचे हलले नाहीत. आणि ज्याचं नाव पहिलं छापलं होतं तो पंचायत समितीवाला? तो लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तरी सत्काराला गेला होता!

लग्न शाळेच्या पटांगणात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. बारा वाजले तरी मामांचा पत्ता नाही. आईने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. ताई नटून बसलेली, डोळे मात्र दाराकडे. तेवढ्यात आत्याबाई खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "मामा कुठायत पोरीचे? बघू तरी आमच्या सुनंचं आजोळ." आई ताईचा पदर उगाच नीट करायला लागली. आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. "सख्खा मामा लग्नाला न्हाय म्हंजी काय समजायचं आमी? मामेकुळात काय हाय तरी काय?"

भाऊ रुसलाय म्हणून सांगावं तर का रुसलाय हे आलं, आणि ते ऐकल्यावर या बाई मांडवातून परत फिरायला कमी करणार नाहीत, हे आम्ही सगळ्यांनीच ओळखलं होतं.

सुग्रीवअण्णा दारात उभे होते. पुकारायच्या नावांची यादी न्यायला आले होते, हातात मशीनवरून काढून आणलेला माईक. त्यांनी एकवार आईकडे पाहिलं. मग माईक खिशात कोंबला आणि पुढे झाले.

"म्या हाय की. रामराम. म्याच रावसाब. मुरुम."

आत्याबाईंनी वरून खाली बघितलं. "तुम्ही? तुम्ही तर मगाधरनं माईकवर वरडताय!"

"मग? घरचं लगीन हाय, बाई. भाचीच्या लग्नात माईक म्या दुसऱ्याच्या हातात देतो व्हय?" आणि आईकडे वळून म्हणाले, "आक्का, फेटा कुठं ठिवलाय माझा?"

जन्मभर 'वैनी' म्हणणारा माणूस एका श्वासात 'आक्का' म्हणाला. आईचं तोंड उघडं ते उघडंच. पाठोपाठ दादा धावत आले, तर हे त्यांना म्हणतात, "दाजी, चला, उशीर व्हायलाय!" दादांनी मागे वळून पाहिलं, दाजी कोण आलेत म्हणून. मी तोंडात पदर कोंबला. आई कुजबुजली, "अण्णा, हे पाप आहे." ते म्हणाले, "असू द्या की. म्या फेडीन."

मग जे झालं ते फक्त बेंबळीतच होऊ शकतं. अण्णांनी मशीनपाशी जाऊन माईक परत जोडला आणि पुकारलं, "मुलीच्या मामांना विनंती हाय, मुलीला मांडवात घेऊन यावं!" माईक ठेवला, फेटा डोक्यावर घातला, पळत खोलीत आले आणि स्वतःच्याच विनंतीला मान देऊन ताईचा हात धरून निघाले. गाव सगळं बघत होतं. अण्णांना लहानपणापासून ओळखणारी पाचशे माणसं, पण एकाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. उलट पार म्हाताऱ्यासुद्धा वाट करून देत म्हणत होत्या, "सरा गं, रावसाहेब मामा आले!" मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ताईच्या पाठीशी उभा असलेला हा माणूस ढसाढसा रडत होता. ते रडणं नाटकाचं नव्हतं, हे मी दोन हातांवरून पाहिलं आहे.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. आत्याबाईंनी मामांना शेजारी बसवून घेतलं आणि आडतीची चौकशी सुरू केली. "यंदा तूर कशी हाय?" अण्णा म्हणाले, "खणखणीत!" सोयाबीन? "लांबवर ऐकू जातंय!" आत्याबाईंनी घास हातातच धरला. मी घाईघाईने मध्ये घुसून बुंदी वाढली. "मामा, तिकडं माईकवर बोलावलंय," असं म्हणून त्यांना उठवलं.

ते माईकपाशी पोचतात न पोचतात तोच फाटकातून एक मोटरसायकल आत शिरली. रावसाहेब मामा! खरे! मामींनी म्हणे शेवटी ताट पुढ्यातून ओढून घेतलं होतं आणि सांगितलं होतं, भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकून या, मग जेवा. अण्णांनी त्यांना ओळखलं आणि माईक उचलला. "हॅलो, हॅलो! मुरुमवरनं आलेल्या पाव्हण्यांनी कुणाशी काय न बोलता पयल्यांदा माईककडं यावं! पयल्यांदा माईककडं!"

मामा गोंधळून तिकडे गेले. अण्णांनी त्यांना बॉक्सच्या आड ओढलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस हळू बोलत होता. आणि माईक बंद करायला विसरला होता!

चारही भोंग्यांतून बेंबळीवर आवाज आला, "मामासाब, रागावू नका. तुमच्या जागी म्या उभारलोय. तुमच्या बहिणीनं सकाळधरनं पाणी पेलं न्हाय. पाव्हणे इचारायले मामा कुठाय, तर काय सांगावं? पत्रिकेत नाव खाली आलं म्हून सख्खा भाऊ घरी बसला? तुमची अब्रू जाईल म्हून तुमचं नाव घेतलं. आता तुम्ही गप जेवून जावा. आजच्या दिस मला मामा ऱ्हाऊ द्या."

पंगतीत कुणाचाही हात तोंडापर्यंत गेला नाही. वाढपी जिथल्या तिथे थांबले. मी आत्याबाईंकडे बघत होते, आई आत्याबाईंकडे बघत होती, ताईने तर डोळेच मिटून घेतले होते. मग भोंग्यावरून दुसरा आवाज आला, जाडसर, रडवेला. "माझी बाय कुठाय? बहीण कुठाय माझी?" मामा बॉक्सच्या आडून निघाले, पंगतीतून वाट काढत आले आणि आईचे दोन्ही हात धरून उभे राहिले. आईने आधी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, मग तिथेच डोकं टेकलं.

आत्याबाई उठल्या. हात धुतले. शांतपणे चालत अण्णांसमोर गेल्या आणि हात पुढे केला. "द्या तो माईक इकडं."

आणि कधी कुणाला माईक न देणाऱ्या अण्णांनी मुकाट्याने तो दिला.

"ऐका बेंबळीकर," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या नवरदेवाच्या पाठीशी फेटा बांधून जो उभा हुता ना, तो आमच्या गाडीचा डायवर हाय. खरा मामा घरी बसलाय. पत्रिकेत फोटो छापला न्हाय म्हून!"

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. माणसं पत्रावळीवरून उठून नाचायचीच बाकी होती. ड्रायव्हर लाजून फेटा सोडायला लागला, तर आत्याबाई ओरडल्या, "ऱ्हाऊ द्या! तुमच्याएवढा भाच्यासाठी उभा ऱ्हायलाय कोण?" आणि अण्णांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण फेटा काढायचा न्हाय."

अण्णांनी तो काढला नाहीच. त्या दिवसापासून आम्ही दोघी बहिणी त्यांना मामा म्हणायला लागलो. ताई करमाळ्याहून आली की आधी त्यांच्या दारात जायची, मुठीत फुंकायची आणि स्वतःचं आगमन जाहीर करायची. रावसाहेब मामांशी तर त्यांची अशी गट्टी जमली की दोघं फोनवर तासन् तास एकमेकांच्या भाच्यांच्या, म्हणजे आमच्याच, तक्रारी करायचे. माझ्या लग्नाची पत्रिका रावसाहेब मामांनी मुरुमला स्वतः उभं राहून छापून घेतली. मामा मंडळींत दोनच नावं, वरचं अण्णांचं. अण्णांनी ती पत्रिका बाजारात भर रस्त्यात चार वेळा मोठ्याने वाचून दाखवली. ज्याला ऐकू गेलं नाही असं वाटलं, त्याला थांबवून पाचव्यांदा वाचली.

गेल्या थंडीत अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, कपात साखर कमी आहे म्हणाले आणि बसल्या जागी मान टाकली. मी सगळ्यांत आधी मुरुमला फोन लावला. रावसाहेब मामा वाहन मिळेल तसे, दुपारच्या आत पोचले. अंगणात माणसांत जाऊन बसले. शेजारच्या गावच्या एका माणसाने हळूच विचारलं, "पाव्हणे कुठले? तुमचं काय नातं मयताशी?"

मामांनी उपरण्याने डोळे पुसले. "माझ्या भाच्यांचा मामा वारला," ते म्हणाले.

तो माणूस बराच वेळ बोटांवर नातं जुळवत राहिला. ताईने आणि मी एकमेकींकडे बघितलं, भर मयताच्या अंगणात आम्हाला हसू फुटलं, आणि मग दोघी पोटभर रडलो.