तुळशीचा ढेकूण

प्रेमाकाकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा गिरणगावातून मुलुंडला आल्या. आमच्या सोसायटीत त्यांनी कोणाचं मुकाट ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

गेल्या श्रावणात आवारातल्या वृंदावनातली तुळस पिवळी पडली. पानांवर पांढरट ठिपके, शेंडे करपलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या जानकीताईंनी कारणही लगेच शोधलं: प्रेमाकाकूंची सून रुचिरा पाळीतसुद्धा तुळशीला पाणी घालते. आता तिनं तुळशीला शिवायचं नाही आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नालाही यायचं नाही. रुचिरा मान खाली घालून उभी. माझं डोकं सणकलं, पण बोलल्या काकूच.

"जानके, पान परतून बघ गो. हयसर विटाळ नाय, ढेकूण आसत."

पानाच्या पोटाला तिळाहून बारीक किडे चिकटले होते. पंख क्रोशानं विणल्यासारखे जाळीदार, भोवती विष्ठेचे काळे डाग. रस शोषून पानं यांनीच फिकी केली होती. या जाळीवाल्या ढेकणांच्या जाती पुष्कळ आणि खाण्याचे नखरे त्याहून जास्त. वांग्यावरचा निराळा, डोंगराकडच्या घाणेरीवरचा निराळा. हा तुळस-सब्जाच्या गोतावळ्यावरचा. मादी अंडी पानातच खुपसते, म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही.

"विटाळ झाला म्हणूनच किडा आला," जानकीताई म्हणाल्या. आता बोला! पालथ्या घड्यावर पाणी.

काकूंनी वाद सोडला. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीचं नवं रोप लावलं आणि रुचिराच्या ताब्यात दिलं. ती रोज पानं परतून बघायची, किडलेली खुडायची, कडुनिंबाचं पाणी फवारायची. पाळीच्या दिवसांतही. खाली वृंदावनात मात्र गोमूत्र शिंपडणं चालू होतं. पान परतायला कोणी तयार नव्हतं. कार्तिकापर्यंत तिथे काड्या उरल्या.

लग्नाच्या संध्याकाळी ऊस आला, भटजी आले, नवरीच नव्हती. जानकीताई काकूंच्या दारात उभ्या राहिल्या.

"प्रेमा, तुझी कुंडी दे ना गं. सगळे खोळंबलेत."

"दितंय की. पण कुंडी रुचिराच खाली आणतली, आणि पूजाय तीच करतली." काकू उंबऱ्यातून हलल्या नाहीत. "आज तिचो दुसरो दिस आसा. चलात मां तुका?"

खालून भटजींची हाक आली.

रुचिरानं कुंडी कमरेवर घेतली. या वेळी तिची मान ताठ होती.

"वाट द्या ना, जानकीकाकू," ती म्हणाली.

जानकीताई बाजूला सरकल्या.