चारशे बारा रजेचे अर्ज

राजसबाई तपासणीला आल्या की हेडमिस्ट्रेसच्या खोलीत मांडलेल्या खुर्चीवर बसत नसत. नमस्कार झाला की सरळ इमारतीच्या मागे जायच्या. मुलींच्या माठातलं पाणी मुलींच्याच पेल्याने प्यायच्या. मग हातातली छत्री एखाद्या मुलीकडे द्यायच्या, टमरेल भरून घ्यायच्या आणि मुलींच्या संडासात जायच्या. बाहेर आल्यावर हात धुऊन म्हणायच्या, "आता रजिस्टर दाखवा."

एकोणीसशे एकोणऐंशीच्या मद्रासमध्ये त्या मुलींच्या शाळांच्या इन्स्पेक्ट्रेस होत्या. शहरातल्या आणि भोवतालच्या शाळा त्यांच्याकडे होत्या. त्यांच्या सहीवाचून शाळेला मान्यता मिळत नसे. एवढी मोठी बाई आपल्यासारखीच आडोशाला जाते, हे पाहून पाचवीतल्या मुली भिंतीला चिकटून उभ्या राहत. कुणी हसत नसे.

मी हे वडिलांकडून ऐकलं. माझे वडील नागोजीराव शिक्षण संचालकांच्या कार्यालयात टपाल घेणारे कारकून होते. आम्ही तंजावरकडचे मराठी, राजसबाईही तंजावरच्या. पण वडिलांनी ती ओळख कधी दाखवली नाही. घरी मात्र त्यांचं नाव निघालं की पाटावर सरळ होऊन बसत.

"ती बाई कधी आवाज चढवीत नाही," ते म्हणायचे. "जी जागा मला वापरवत नाही तिच्यावर माझी सही नाही, एवढं एकच वाक्य बोलते. त्यास उत्तर कोण देणार?"

जॉर्ज टाउनमधल्या एका खाजगी शाळेने उत्तर शोधलं. तिथे स्वच्छ, पांढऱ्या टाइलचा एक संडास होता, आणि त्याला कुलूप. किल्ली चालकांच्या टेबलाच्या खणात. तपासणीच्या दिवशी ती काढून दिली. राजसबाई आत जाऊन आल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "तू केव्हा जातेस?" मुलगी म्हणाली, "घरी गेल्यावर." मान्यतेच्या कागदावर सही झाली नाही. दोन महिन्यांनी, ऐन ऑगस्टात, राजसबाईंची दूर दक्षिणेला, रामनाथपुरला बदली झाली. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

त्यांचे यजमान पद्मनाभराव पेरंबूरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात होते. त्यांनी हुकूम वाचला. "रामनाथपुरास कां? तिथे मीठ बरं मिळतं म्हणतात."

"तुम्ही येणार नाही. तुम्हास मीठ कशाला?"

"संचालकास एकदा भेटून ये. सांग, नवऱ्यास सांधेदुखी आहे."

"आहे कां तुम्हास?"

"अर्जापुरती आणतो."

त्या भेटायला गेल्या नाहीत. ट्रंक काढली आणि सगळ्या शाळांना एक परिपत्रक पाठवलं: बदली ही सरकारी बाब आहे, शिक्षिकांनी या संदर्भात काहीही करू नये. जाण्याचं त्यांना दुःख नव्हतं असं नाही. अंबत्तूरच्या सरकारी मुलींच्या शाळेत त्यांनी तीन वर्षं भांडून मंजूर करून घेतलेलं शौचालय जोत्यापर्यंत आलं होतं. नवा अधिकारी आला की असं काम जोत्यावरच थांबतं, हे त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं. त्या शाळेत आठवीनंतर दर वर्षी निम्म्या मुली गळत. का गळतात, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नसे.

अंबत्तूरला नववीत सुंदरी नावाची मुलगी होती. बाप कारखान्यात लेथवर, आई घरी पापड लाटणारी. बदलीचं कळल्यावर ती वर्गशिक्षिका सरोजाकडे गेली.

"टीचर, मोठ्या साहेबांना पत्र कसं लिहितात?"

सरोजाच्या टेबलावर परिपत्रक पडलं होतं. ती म्हणाली, "मला विचारू नकोस. तुला येतं तसं लिही."

सुंदरीला एकच सरकारी पत्र लिहिता येत होतं, जे मद्रासमधल्या प्रत्येक शाळकरी मुलीला येतं: रजेचा अर्ज. मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही, तरी कृपया दोन दिवसांची रजा मिळावी, आपली आज्ञाधारक. तिने तोच घेतला. "आमच्या इन्स्पेक्ट्रेस अम्मांची बदली झाल्यामुळे मी पुढच्या वर्षी शाळेत येऊ शकणार नाही. तरी कृपया त्यांना दोन वर्षे इथेच ठेवावे." खाली आपलं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. आणि रजेच्या अर्जाला लागते म्हणून डाव्या कोपऱ्यात पालकांची सही, ती आईने केली. त्याशिवाय अर्ज घेत नाहीत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्गातल्या मुलींनी तिचं पाहून लिहिलं. मग इतर वर्गांतल्या. रविवारी कुणाची मावसबहीण भेटली, कुणाची आत्तेबहीण, आणि अर्ज दुसऱ्या दोन शाळांत पोचला.

सोमवारी वडिलांच्या टेबलावर पहिला गठ्ठा आला. गुरुवारपर्यंत चारशे बारा झाले. एका कागदावर चारशे सह्या असत्या तर एकच आवक क्रमांक पडला असता आणि एकाच शेऱ्यात निकाल लागला असता. हे वेगवेगळे होते, म्हणून वडिलांनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला. शिपाई म्हणाला, "राव, सगळं मद्रास रजेवर चाललं की काय?"

वडील क्रमांक घालता घालता वाचत गेले. कारण सगळ्यांनी एकच दिलं नव्हतं. एकीने लिहिलं होतं, वर्गात पाय दुमडून बसावं लागतं, गणितात लक्ष लागत नाही. एक आठवीतली: "मी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाणी पीत नाही. डॉक्टर म्हणाले पी. अम्मा गेल्या तर मी पिऊ शकणार नाही." त्याच्या कोपऱ्यात सहीच्या जागी आईचा अंगठा होता, जांभळ्या शाईचा, थोडा पसरलेला.

वडिलांनी तो अर्ज घरी आम्हाला शब्दन् शब्द सांगितला. नंतर जेवले नाहीत. "तीस वर्षं मी टपाल घेतो," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी संचालकांनी राजसबाईंना बोलावलं. गठ्ठे टेबलावर होते, ते घेऊन आलेले वडील बाजूला उभे.

"तुम्ही लिहवलंत?"

"नाही, सर."

"मग शिक्षिकांनी."

राजसबाईंनी वरचा अर्ज उचलला, वाचला. "शिक्षिकेने सांगितलं असतं तर रजेचा अर्ज आला नसता."

संचालकांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं. पानं उलटत म्हणाले, "अम्मा, मुलांचे अर्ज मी दप्तरी लावून टाकले असते. मुलांना काय कळतं, असं वर लिहून पाठवलं असतं. पण प्रत्येक कागदावर आई नाहीतर बाप आहे. चारशे बारा पालक. त्यांना काय कळतं, असं मी लिहू शकत नाही."

राजसबाई तेव्हा ऐकत नव्हत्या. त्यांनी दुसरा अर्ज घेतला होता, मग तिसरा. काही वेळाने त्यांनी विचारलं, "सर, मी बसू का?" वडिलांनी त्यांना कुणाच्या कार्यालयात खुर्ची मागताना प्रथमच पाहिलं. त्या बसल्या आणि वाचत राहिल्या. संचालकांनी दुसऱ्या कामाचे कागद पुढे ओढले. वडील सांगत, देवळात गाभाऱ्यासमोर उभं असावं तसं वाटत होतं, हलावंसं वाटेना.

बदली दोन वर्षांसाठी स्थगित झाली. हुकूम हातात घेऊन राजसबाई म्हणाल्या, "अर्जदारांना उत्तर गेलं पाहिजे."

"चारशे बारा उत्तरं? माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत."

"मी लिहिते."

महिनाभर त्या पोस्टकार्डं लिहीत होत्या. पद्मनाभराव शाळांच्या रजिस्टरांवरून पत्ते घालायचे आणि अक्षरावरून बोलणी खायचे. अंबत्तूरच्या कार्डांवरचा मजकूर दोन ओळींचा: मी इथेच आहे. अंबत्तूरचं बांधकाम पोंगलनंतर पुरं होईल, तुमच्या मुलीस शाळेत पाठवत राहा.

कार्डं त्यांनी मुलींच्या नावे पाठवली नाहीत. ज्याची सही, त्याला उत्तर. सुंदरीच्या घरी पोस्टमनने हाक मारली ती "विजयलक्ष्मी अम्मा" अशी. पापड लाटणारी बाई पिठाच्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, इथे त्या नावाची कुणी नाही. मग ते आपलंच नाव, हे तिच्या लक्षात आलं. तिने हात पदराला पुसले, कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि सुंदरी शाळेतून येईपर्यंत ते मांडीवर ठेवून उंबऱ्याशी बसून राहिली.