पुन्हा एकपासून

आमच्या आदिवासी पाड्यावर दारूबंदी बायांनी केली. बाहेरून कुणी साहेब आला नव्हता, की व्याख्यान झालं नव्हतं. मोहाची दारू देवाला वाहायच्या दोन थेंबांपुरती उरली. दर रविवारी सगळे चिंचेखाली बसतात. बोलायला उठेल त्यानं आधी दारू सोडून किती दिवस झाले ते सांगायचं, मग पुढचं. प्यायला तर दिवस पुन्हा एकपासून. बैठकीत खोटं बोलला तरी पुन्हा एकपासून. हा नियम माझ्या आत्याचा, आणि आत्यापुढे पोलीसपाटीलही आवाज चढवत नाही.

मी जर्मनीत एर्लांगेनला इंजिनिअर. पाड्यावरून इथवर पोचलेला पहिलाच, त्यामुळे माझं भारी कौतुक. आत्याचा फोन आला, "तू बोल रे आपल्या माणसांशी. तुझं ऐकतील." मी फुशारलो. बोलायची मला हौस आहेच. आमच्या लोकांच्या दारूबद्दल तर मी ऑफिसच्या पार्टीतही बोलतो, हातात बिअर धरून.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसलो. तिकडे दुपार होती. पहिल्याच ओळीत बाबा. त्यांचे अकरा महिने झाले होते. मी तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "आधी तुझे दिवस सांग."

मला वाटलं होतं, हा नियम त्यांच्यासाठी आहे.

"मी घेतच नाही," मी म्हणालो.

आत्या बाबांकडे वळली. "दादा, तू दोन महिने राहून आलास त्याच्याकडं. खरं का?"

गेल्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे होते. त्यांना रिकामं बसवत नाही, म्हणून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट दर शनिवारी तेच दुकानात परत न्यायचे. तिथल्या यंत्रात एकेक बाटली सरकवायचे. एकदाच म्हणाले, "तुमच्याकडं पाहुणे लई येतात." पाहुणा एकही आला नव्हता.

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "खरं," ते म्हणाले.

मग मी वीस मिनिटं बोललो. यकृत, पोरांचं शिक्षण, निर्धार. टाळ्याही पडल्या.

पुढच्या रविवारी नुसता ऐकायला बसलो. बाबा उठले. "आज सातवा दिवस," म्हणाले.

बायांमध्ये कुजबुज झाली. आत्यानं कपाळाला हात लावला. "अकरा महिने, दादा! कुठं मिळाली तुला?" बाबांनी थेंबही घेतला नव्हता. मागच्या रविवारी ते एकच शब्द खोटं बोलले होते, तोही माझ्यासाठी. सगळ्या पाड्यानं त्यांना पुन्हा बेवडा ठरवलं आणि ते हात जोडून खाली बसले.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. माइक सुरू करायचा आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच तर होतं. लिहायलाही लाज वाटते, पण मी लॅपटॉप मिटला.