सुक्या फुलांची बिअर

दारूबंदीच्या परमुलखात, अल सुलैच्या कामगार कॅम्पात माझ्या समोरच्या खाटेवर चिपळूणकडचा एक वेल्डर होता. पाण्याच्या कॅनमध्ये तो चोरून कडक बिअर करायचा. ती आंबून शांत झाली की बिअरला वास देणारी हॉप्सची सुकी फुलं फडक्यात बांधून चार दिवस आत सोडायचा. मग बाटल्या भरायच्या आणि महिनाभर कुणी हात लावायचा नाही.

एकदा ओव्हरटाइमच्या गडबडीत फुलं दहा दिवस आत राहिली. ईदच्या सुट्टीला आम्ही कोंबडी शिजवून बसलो. त्यानं पहिली बाटली उघडून हुंगली, ओल्या गवताचा वास आला, आणि त्यानं एकूण एक बाटली मोरीत ओतली.

"अरे, चाललं असतं," मी कळवळलो.

"पकडलं तर घरी धाडणारच आहेत," तो मान ताठ ठेवून म्हणाला. "मग चांगल्या बिअरपायी धाडू देत, या गवताच्या पाण्यापायी नको."